येळवशीला उचललेला पूल

दत्तराव मूळचे सेलूचे. पुलांच्या दुरुस्तीवर सुपरवायझर म्हणून त्यांची हयात गेली होती आणि त्या हयातीत त्यांनी एक नेम कडक पाळला होता. ज्या गावचा पूल दुरुस्त करायचा, त्या गावात कुणाच्या घरचं काही खायचं नाही. चहा नाही, सुपारी नाही, लग्नाच्या पंगतीतला लाडू तर नाहीच नाही. पाणीसुद्धा ते स्वतःच्या बाटलीतलं पीत. हा नेम देवाधर्माचा नव्हता आणि पोटाच्या तक्रारीचाही नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाचं खाल्लं की त्याला नाही म्हणताना जीभ जड होते, आणि पुलाच्या कामावर सुपरवायझरला दिवसभर नाही म्हणण्यावाचून दुसरं काम काय असतं? ट्रॅक्टर नेऊ का? नाही. एकच बैलगाडी आहे हो. नाही. पाहुणे पलीकडं खोळंबलेत. खोळंबू द्या.

असा माणूस आडगव्हाणला आला म्हणजे गावाची करमणूकच झाली म्हणायची. पालम तालुक्यातलं हे गाव पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, आणि हा पाहुणा चहाला हात लावत नाही. कुणी म्हणालं, सायबाला साखर असेल. कुणी म्हणालं, बायकोची शपथ असेल. पोरींनी तर पैज लावली होती की सुपरवायझर साहेब एकदा तरी कुणाच्या ओट्यावर बशी तोंडाला लावणार. महिना उलटला तरी बशी तशीच राहिली.

आडगव्हाणची रचनाही अशी की भांडणच लागावं. गाव अलीकडच्या काठाला आणि शिवार सगळं पलीकडच्या. मधून जी वाहते तिला नदी म्हणायला लाज वाटते, आणि ओढा म्हटलं की ती पावसाळ्यात राग काढते. खाली बंधारा झाल्यापासून पुलाजवळ हिवाळ्यातसुद्धा पुरुषभर पाणी तुंबलेलं असतं. काठाच्या काळ्या चिखलात म्हैस उतरली तरी विचार करून उतरते. त्यामुळे शेतात जायचं तर पुलावरून, आणि पुलाची अवस्था अशी की खाली उभं राहून वर पाहिलं तर काँक्रीट कमी आणि गंजलेले गज जास्त दिसत. ट्रॅक्टर गेला की खाली पाण्यात खपल्या पडत. मासे पकडणारे त्या खपल्यांना शिव्या देत.

नवा पूल बांधायचा तर चार-दोन निवडणुका जाव्या लागल्या असत्या. म्हणून आहे तोच जागच्या जागी दुरुस्त करायचं ठरलं आणि दत्तराव आपली माणसं घेऊन आले. आधी त्यांनी हातोडीने सगळा पूल ठोकून पाहिला. जिथे पोकळ वाजलं तिथलं मेलेलं काँक्रीट टोचून काढलं, गज घासून चकचकीत केले, त्यांना रंगासारखं औषध लावलं आणि वरून फवाऱ्याने नवा मसाला मारला. भेगांमध्ये बारीक नळ्या रोवून त्यातून दाबाने रसायन सोडलं. गावाने ते पाहिलं आणि पुलाला सलाईन लावली असं जाहीर केलं. म्हाताऱ्या बाया येता-जाता पुलाची तब्येत विचारू लागल्या.

बारीकसारीक कामं चालू होती तोवर माणसं आणि मोटारसायकली जाऊ देता येत होत्या, कधीमधी रिकामा ट्रॅक्टरही. खरं अवघड काम मधल्या गाळ्याचं होतं. त्या गाळ्याचा अख्खा स्लॅब ज्या रबरी गाद्यांवर टेकलेला होता, त्या चिरडून पापडासारख्या झाल्या होत्या. म्हणजे जॅक लावून स्लॅब बोटाच्या पेराएवढा उचलायचा, लोखंडी पाट्यांच्या थप्प्यांवर तोलून धरायचा, जुन्या गाद्या काढायच्या, खालची बैठक नव्या मसाल्याने सपाट करायची, तो मसाला धरेपर्यंत थांबायचं आणि मग नव्या गाद्यांवर स्लॅब अलगद खाली सोडायचा. त्या अख्ख्या दिवसात पुलावर कुणी जायचं नाही. वरचा स्लॅब थप्प्यांवरून घसरला तर वरचा माणूस आणि खालचा माणूस दोघेही एकाच वेळी जातील. दत्तराव एरवी फार बोलत नसत, पण हे वाक्य ते प्रत्येक गावात बोलत.

तर असा एक निवांत दिवस हवा होता. त्यासाठी दत्तरावांनी आबासाहेबांना गाठलं. आबासाहेब गावचे माजी सरपंच. पद जाऊन जमाना झाला होता, पण पुलाच्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करण्याचं खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

"आबासाहेब, एक सांगा. गाव अगदी मोकळं असतं असा दिवस कोणता? गावात माणूस नाही, गडबड नाही, पालमला जायची कुणाला घाई नाही, असा?"

आबासाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "येळवस," ते म्हणाले. "येळवशीला गावात चिटपाखरू नसतंय. कुत्रं बी घावायचं न्हाई तुमाला."

"म्हणजे अमावस्येला?"

"हां, तीच. बिनधास्त करा काम."

दत्तरावांना आनंद झाला. सेलूकडे ही अमावस्या कॅलेंडरातच राहते. ती आली काय आणि गेली काय, कापसाच्या बाजाराला पत्ता नसतो. त्यांनी मनाशी हिशोब मांडला की अमावस्या म्हणजे लोक घराबाहेर पडत नसतील, घाबरत असतील, झोपून राहत असतील. लगेच त्यांनी ऑफिसला फोन लावून दिवस पक्का केला. गावात माणूस नसेल तर तो असेल कुठे, हे विचारावं असं त्यांना वाटलं नाही. एरवी गंजलेल्या गजावर तीन-तीनदा संशय घेणारा माणूस, पण इथे एका शब्दावर खूश होऊन गेला.

नशिबाने त्यांना सावध करायला दुसरा माणूस आला होता. रायभान म्हणजे जॅक सांभाळणारा त्यांचा भरवशाचा गडी. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तो आदल्या आठवड्यात डोकं खाजवत आला आणि म्हणाला, "सायब, येळवशीला सुट्टी पायजे व्हती. समद्यांनाच."

दत्तरावांनी त्याला समोर बसवलं आणि अमावस्या, भुतंखेतं आणि विज्ञानयुग ह्या विषयावर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. चंद्र दिसत नाही म्हणून जॅक फसत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. रायभानने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तो "तसं न्हाई सायब, शेतात..." असं म्हणाला, पण व्याख्यान रंगात आलं होतं. शेवटी तो "बरं" म्हणून उठला. एवढं बोललेल्या माणसाला आणखी काही सांगणं त्याला बेअदबीचं वाटलं.

येळवशीच्या दिवशी दत्तराव पालमच्या खोलीवरून भल्या सकाळी निघाले तेव्हा पहिली गोष्ट घडली ती म्हणजे त्यांना डबा मिळाला नाही. खानावळीला कुलूप होतं. खानावळवाल्या बाई आपल्या शेतात गेल्या होत्या. दत्तरावांना ह्यातूनही काही कळलं नाही. बिस्किटाचा पुडा शोधावा म्हटलं तर दुकानंही बंद. अमावस्येची एवढी भीती, म्हणून ते मनात हसले आणि बाटली भरून पुलावर आले.

काम मात्र देखणं झालं. ऊन वर येईपर्यंत मधला गाळा उचलला गेला. जॅकचा आवाज आला, काँक्रीट एकदा कण्हलं आणि खाली चिरडलेल्या गाद्या मोकळ्या झाल्या. पिंपं आणि फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर उभं राहून रायभान आणि गडी त्या बैठकींवर नवा मसाला घालू लागले. दोन्ही काठांना दोर बांधलेला होता, तो ओढला की तराफा इकडून तिकडे सरके. दत्तराव पुलाच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्यामागे सगळं शांत होतं. त्यांनी समाधानाने गावाकडे पाहिलं.

आणि गाव त्यांच्याकडे येत होतं.

पुढे आबासाहेब. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आंबिलीचं मडकं, ज्याला इकडे बिंदगं म्हणतात, खांद्यावर घोंगडी आणि अंगात धुवट सदरा. मागे त्यांचा मुलगा बजरंग ट्रॅक्टरवर. ट्रॉलीत बाया, पोरं, टोपली, पातेली, भाकरींची गाठोडी. त्यामागे आणखी ट्रॅक्टर, त्यामागे बैलगाड्या, त्यामागे डोक्यावर बिंदगी घेतलेली निम्म्या गावातली गडीमाणसं.

दत्तराव दोन्ही हात पसरून आडवे आले. "थांबा, थांबा! कुठं निघालात?"

"शेतात," आबासाहेब म्हणाले.

"आज?"

"आज न्हाई तर कवा? येळवस हाय. समद्या गावानं शेतात जाऊन पांडव पुजायचे, आंबील शिंपायची आन् तिथंच जेवायचं. दुपारच्या आत आंबील शेतात पोचाया पायजे."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात, येळवशीला गावात कुणी नसतं!"

"मग?" आबासाहेबांनी डोक्यावरचं बिंदगं सांभाळत सगळं अंग वळवलं आणि गावाकडे हात केला. "हाय का कोण? बगा."

दत्तरावांनी पाहिलं. दारोदार कुलपं होती. गल्लीत खरंच कुणी नव्हतं. गावचं कुत्रं बजरंगच्या ट्रॉलीत बसून त्यांच्याकडेच पाहत होतं.

त्या क्षणी दत्तरावांच्या डोक्यात सगळं एकदम लखलखलं. खानावळीचं कुलूप, रायभानचं डोकं खाजवणं, "शेतात" हा अर्धा राहिलेला शब्द. त्यांचे कान लाल झाले. पण पूल उचललेला होता आणि लाजून तो खाली येणार नव्हता.

"आबासाहेब, स्लॅब वर उचलून ठेवलाय. कुणालाही जाता येणार नाही."

"मग टेकवा की खाली."

"खाली मसाला ओला आहे. उद्याशिवाय टेकवता येत नाही."

एवढं ऐकल्यावर गावातल्या प्रत्येकाकडे एकेक युक्ती निघाली. बजरंग म्हणाला, माणसं उतरवतो आणि रिकामा ट्रॅक्टर हळू नेतो. नाही. एकाने सांगितलं, माझी बैलं वासरापेक्षा हलकी आहेत. नाही. दुसऱ्याने विचारलं, कठड्याच्या कडेकडेने गेलं तर? नाही. एका पुढाऱ्याने वरपर्यंत फोन लावतो म्हणून धमकी दिली, पण वरचे लोकही आपापल्या शेतात गेले असल्याने फोन कुणी उचलला नाही. वळसा घालून दुसऱ्या पुलावरून जायचं तर दुपार उलटणार होती. गाव चिडलं. दत्तराव प्रत्येकाला नाही म्हणत गेले आणि प्रत्येक नाहीगणिक त्यांना मनातून बरं वाटत गेलं. ह्यातल्या एकाचंही त्यांनी कधी काही खाल्लेलं नव्हतं.

ह्या सगळ्या गोंधळात आबासाहेब मात्र हलत नव्हते. घरून निघालेलं बिंदगं शेतात पोचेपर्यंत वाटेत टेकवायचं नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. बजरंगने डोकं पुढे केलं तर त्यांनी त्याला झिडकारलं. म्हाताऱ्या मानेची शीर टरारली होती, कानशिलावरून घामाची धार उतरली होती, आणि तरी ते दत्तरावांशी अगदी अदबीने वाद घालत होते. वाद घालताना माणूस मान हलवतो. त्यांना तेवढीही सोय नव्हती.

दत्तरावांना ती मान पाहवेना. नाही म्हणणं त्यांना जमत होतं, पण समोरच्याची मान मोडायला आली आहे हे पाहत राहणं जमत नव्हतं. त्यांनी खाली वाकून रायभानला विचारलं, "किती राहिलं?"

"शेवटची बैठक, सायब. हातासरशी व्हईल."

"झाल्यावर तराफा पुलापासून लांब, वरच्या अंगाला घ्या." मग ते आबासाहेबांकडे वळले. "पुलावरून नाही. पण तराफ्यावरून नेतो. थोडी-थोडी माणसं. गाड्या इथंच राहतील. आणि तराफ्यावर हेल्मेटशिवाय कुणी चढायचं नाही. तो नियम आहे."

गाव आबासाहेबांच्या डोक्याकडे पाहू लागलं.

"सायब," आबासाहेब म्हणाले, "हेलमेट कुठं घालू? बिंदग्यावर?"

दत्तरावांना नियम मोडता येईना आणि बिंदगं टेकवता येईना. शेवटी बजरंगने आणि दुसऱ्या एकाने ते मडकं हातांवर तोलून धरलं, तेवढ्यात दत्तरावांनी स्वतः आबासाहेबांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, पट्टा बांधला, हेल्मेटवर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर बिंदगं. ट्रॉलीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. पोरींनी मोबाईल काढले. आडगव्हाणचा माजी सरपंच त्या थाटात तराफ्यावर उभा राहिला आणि एक थेंब न सांडता पलीकडे गेला. त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत गंगाखेडला पोचला होता असं म्हणतात.

मग खेपांवर खेपा झाल्या. माणसं गेली, पातेली गेली, कुत्रंही गेलं. पहिल्या खेपेला तराफा ओढायला रायभान गेला होता, तो परत आलाच नाही. येळवशीच्या दिवशी वाटेत दिसलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, अशी इकडची रीत. रायभानला एका शेताने ओढलं, दुसऱ्या गड्याला दुसऱ्या शेताने. ज्यांची सुट्टी विज्ञानयुगाने खाल्ली होती ते सगळे गडी तासाभरात आनंदाने गायब झाले, आणि दोर गावातल्या पोरांच्या हाती आला. बजरंगने जाताना ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा लावला, म्हणजे ह्या बाजूने कुणी घुसायचा प्रश्नच नव्हता. आता माणसं पलीकडे होती, तेव्हा धोकाही पलीकडे होता. दत्तराव शेवटच्या खेपेने पलीकडे गेले. स्वतःचा पूल शेजारी असताना तेही तराफ्यातूनच गेले.

पलीकडच्या तोंडाशी ते एका दगडावर बसून राहिले. समोर हरभरा, ज्वारी, करडई. प्रत्येक शेतात कडब्याची खोप, खोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगडांचे पांडव, आणि खोपीभोवती सांडलेलं हसणं. कुणी पिकातून आंबील शिंपडत पळत होतं. भज्जीचा, म्हणजे दाण्यापाल्याच्या दाट मिसळभाजीचा, वास वाऱ्यावर येऊन दत्तरावांच्या पोटात सरळ उतरत होता. ज्याला त्याला हाका मारणारं गाव त्यांना मात्र हाक मारत नव्हतं. महिनाभर मारून झाल्या होत्या. दत्तराव बाटलीतलं पाणी प्यायले. ते संपल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. आणि त्यांना एकटं वाटलं, अगदी उघड-उघड एकटं वाटलं.

तेवढ्यात बांधावरून कस्तुराबाई आल्या. आबासाहेबांच्या घरच्या, म्हणजे बजरंगच्या आई. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी साथ सोडलेली बाई, पण एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन ती ढेकळांतून येत होती. आल्यावर तिने ताट त्यांच्यासमोर ठेवलं. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाची पोळी, खीर.

"माय, मी खात नाही कामावर," दत्तराव म्हणाले.

"ठावं हाय. समद्या गावाला ठावं हाय." कस्तुराबाई समोरच्या दगडावर टेकल्या. "तू नगं खाऊ. पर आज शेताजवळ माणूस उपाशी बसला तर घरच्या बाईला जेवता येत न्हाई. मी बी बसते हितं."

"तुम्ही जेवा ना."

"मी काय कुणाला न्हाई म्हणायले? तू जेवला की जेवते."

आणि त्या खरंच बसून राहिल्या. शेताकडून दोनदा हाक आली, त्यांनी हात हलवून परतवली. उन्हाने त्यांचा चेहरा सुकला होता. दत्तरावांनी नदीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. तिन्हीकडून काही मदत आली नाही. मग त्यांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि तोंडात घातला.

तुरीचे आणि वालाचे दाणे, हरभऱ्याची भाजी, हिरवी चिंच, शेंगदाणे, आणि काय काय. त्यांना लहानपणी आजोळी खाल्लेलं असलंच काहीतरी आठवलं, आणि आपण इतकी वर्षं डब्यातली गार पोळी-भाजी कशाच्या जोरावर खात आलो, असं वाटून गेलं. पहिला घास संकोचाचा होता. पुढचे घास संकोचाचे नव्हते. कस्तुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा दत्तरावांनी ताट आपणहून पुढे केलं, आणि मग त्या जेवायला गेल्या. बांधापलीकडून पोरींचा ओरडा ऐकू आला. पैज कुणीतरी जिंकली होती.

दिवस कलला. खोपीपुढे दूध उतू घातलं गेलं, ते कोणत्या दिशेला सांडलं ह्यावर पुढच्या सालच्या पिकाची चर्चा झाली, आणि थंडी अंगाला चावू लागली तसं गाव परत निघालं. सकाळी चढ्या आवाजात भांडलेलं गाव आता पोटभर जेवून सुस्तावलं होतं. पुलाच्या तोंडाशी येऊन सगळे थांबले. पुढे पुलावर आडवा दोर बांधलेला होता आणि दोरापुढे दत्तराव उभे होते. खाली पाणी काळं दिसत होतं. तराफा बारका, आणि माणसं ढीगभर.

कस्तुराबाई पुढे आल्या.

"लेकरा, सकाळी तराफ्यात चढताना ह्या गुडघ्यांनी मला देव दाखवला बग. मी एकटीच जाते पुलावरून. कठड्याला धरून, हळू हळू. समदे तराफ्यातून येतील. मला एकटीला जाऊ दे."

सगळ्या गावाला ठाऊक होतं की सायबांनी कुणाच्या हातचं खाल्लं आहे.

ह्याच क्षणाला दत्तराव आयुष्यभर घाबरत आले होते, आणि तो ताटभर भज्जीच्या रूपाने त्यांच्यापर्यंत पोचला होता. सकाळी सहज निघालेला शब्द आता निघेना. खरं सांगायचं तर एवढी हडकुळी म्हातारी गेली तर पुलाला कळणारसुद्धा नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. पण मायच्या मागे आणखी एक गुडघे दुखणारी निघेल, तिच्या मागे कडेवरचं मूल, मुलाच्या मागे बाप, आणि मग दोर तिथे कशाला बांधलाय हे कुणाला सांगता येणार नाही. त्यांनी कस्तुराबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. नजर चुकवून सांगावं असं त्यांना वाटलं, पण ते त्यांना बरोबर वाटलं नाही.

"न्हाई, माय," ते म्हणाले. "तुमच्या हातचं जेवलोय. तरी न्हाई."

आबासाहेब खाकरले. बजरंग पुढे सरकला. कस्तुराबाईंनी हात करून दोघांनाही थांबवलं आणि त्या गावाकडे तोंड करून बोलल्या.

"ऐकलं का? हा पूल झाला तवा बजरंग पाळण्यात व्हता. तवाचा गुत्तेदार लय गोड माणूस. घरोघर जेवायचा. माझ्या हातच्या पुरणपोळ्या किती खाल्ल्या त्यानं! अन् स्लॅब ओला असताना आमच्या ह्यांनी इचारलं, उसाच्या दोन गाड्या जाऊ देता का? जा म्हणला. मग दुसऱ्यानं इचारलं. त्याला बी जा म्हणला. कुणालाच न्हाई म्हणला न्हाई बिचारा." त्यांनी पुलाच्या अंगाकडे, रसायन भरून बुजवलेल्या भेगांच्या रेघांकडे हात केला. "हे समदं त्याच्या गोड बोलण्याचं हाय. महिनाभर हे लेकरू टोचून टोचून काढायलंय."

आबासाहेबांना अचानक बंधाऱ्याकडच्या पाण्यात काहीतरी महत्त्वाचं दिसलं आणि ते तिकडेच पाहत राहिले. गाव हसलं, पण हळूच हसलं.

"चल, हात धर," कस्तुराबाई म्हणाल्या.

दत्तरावांनी त्यांना दंडाला धरून उतारावरून खाली नेलं. चिखलात फळी टाकली, आधी स्वतः तराफ्यात उतरले, मग त्यांना जवळजवळ उचलूनच आत घेतलं. पोरांच्या हातातला दोर त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि ओढू लागले. त्यांचे डोळे पाणावले होते. अंधारात ते कुणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांनी थंडीचं कारण सांगितलं असतं. काठावर लोक मुकाट्याने रांगेत उभे राहिले. पुलाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मधे पाण्यावर आल्यावर कस्तुराबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी पुलावरून मी पयली जाणार. तवा न्हाई म्हणून तर बग."

"सकाळी न्हाई, माय," दत्तराव म्हणाले. "दुपारी."